पंचकल्याणीचे पाय आणि माझा खरारा

या अंकात कामाच्या आठवणी लिहिणारे बाकीचे सगळे निवृत्त आहेत. एक पोस्टमास्तर आहेत, एक एसटीचे वाहक आहेत, एक तलाठी आहेत. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि निवृत्त व्हायला आधी कुठेतरी लागावं लागतं. हे मी आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना सांगितलं, कारण या अंकाचं संपादनही त्याच बघतात. त्या म्हणाल्या, चार वर्षं घोड्यांच्या पायाशी बसलीस ना, मग तेवढंच लिही. म्हणून तेवढंच लिहिते. काही चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

मी डॉक्टर नाही. माझे वडील कळसाडीचे नालबंद आहेत. बैलांना पत्र्या आणि घोड्यांना नाल ठोकतात. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले, पण घोडे टिकून आहेत. लग्नाला घोडी लागते, हौशी लोक हौसेने पाळतात आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते तेव्हा तर आमच्या भागात माणसापेक्षा घोड्याला जास्त भाव येतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा आबांनी, म्हणजे वडिलांनी, प्राणिशास्त्र म्हणजे काय असतं ते विचारलं. मी म्हटलं, प्राण्यांचा अभ्यास. त्यावर ते म्हणाले, "मंग तठे काबरं जास? मी घरमाच शिकाडतू."

तसं त्यांनी शिकवलं होतंच. घोड्याच्या मागून कधी यायचं नाही, खांद्याजवळून यायचं. आधी बोलायचं, मग हात लावायचा. आणि एकदम पायाला तर कधीच हात घालायचा नाही. आधी दहा मिनिटं अंगाला खरारा करायचा. खरारा म्हणजे घोड्याच्या अंगावरची धूळ आणि मेलेले केस काढायची दातेरी घासणी. खरारा सुरू झाला की घोडा मान खाली घालतो, खालचा ओठ लोंबता सोडतो, आणि मग तुम्ही त्याचा पाय उचललात काय आणि मांडीवर घेतलात काय, त्याला फरक पडत नाही. आबांचं सगळं काम या दहा मिनिटांवर चालतं. माझंही चालतं. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळ्यात मोठी चूक याच दहा मिनिटांत झाली.

मी या कामात आले ती शहाद्याच्या डॉक्टरसाहेबांमुळे. ते जनावरांचे सरकारी डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत. लोक त्यांना अजून सोडत नाहीत. त्यांचे गुडघे गेले आहेत, त्यांना खाली बसता येत नाही, आणि घोड्याच्या पायाचं दुखणं तर खालीच असतं. एकदा आमच्या दारात त्यांनी मला एका तट्टाच्या पायाला पट्टी बांधताना बघितलं आणि रविवारी बरोबर येशील का म्हणून विचारलं. तेव्हापासून ते उभे राहून सांगतात आणि मी खाली बसून करते.

बाहेरच्यांना वाटतं घोड्याला मोठेमोठे आजार होत असतील. होतातही, पण माझ्या वाट्याला दोनच येतात. एक नायटा. माणसाला होतो तोच. कातडीवर बुरशी धरते, बांगडीएवढा गोल चट्टा पडतो, त्यातले केस झडतात आणि कोंडा सुटतो. घोडा मरत नाही, पण नायटा हिंडका असतो. एका घोड्यावरून दुसऱ्यावर, घोड्यावरून माणसावर, खोगीर, झूल, दोर, ज्याला ज्याला अंग लागतं त्याच्यावर बसून तो गावभर जातो. दुसरं दुखणं पायाचं. उसाला पाणी भरणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात ना, तसंच घोड्याला खुराच्या वर, मागच्या खळग्यात होतं. पाय सतत ओला राहिला की तिथली कातडी भिजून फाटते, खपल्या धरतात, खाली पाणी साचतं आणि पाय सुजतो. पांढऱ्या पायाला हे जास्त होतं, कारण पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी आणि नाजूक असते.

औषधापेक्षा मोठं काम म्हणजे आधी लावलेलं काढणं. जळालेलं ऑइल, बॅटरीचं पाणी, चुना, टूथपेस्ट, सगळं मी घोड्यांच्या पायावर बघितलं आहे. अक्कलकुव्याला हायवेवर एकांनी आपल्या घोड्याला चारही पायांना ट्रकचं ऑइल फासून ठेवलं होतं. आम्ही गेलो तर त्यांनी विचारलं, मोठे डॉक्टर कोणते? डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, पायाच्या याच. त्या गृहस्थांना ते पटलं नाही, पण साहेबांचा शब्दही मोडवेना. मग ते साहेबांना प्रश्न विचारत, साहेब तोच प्रश्न मला विचारत, मी साहेबांना उत्तर देई आणि साहेब ते त्यांना सांगत. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. ऑइल काढायला तासभर गेला, तो सगळा असाच गेला.

उलट तोरणमाळहून एक पावरा आदिवासी बाबा तट्टू घेऊन घाट उतरून आले होते. त्यांची बोली मला निम्मी कळत होती, माझी अहिराणी त्यांना निम्मी. साहेबांचं मराठी दोघांनाही जरा जड. तरी त्यांनी एकच गोष्ट पक्की ऐकली, की जनावर कोरड्या जागी बांधायचं. पावसाचे दिवस होते. महिन्याने परत आले तेव्हा पाय स्वच्छ. घरात कोरडी जागा एकच होती, चुलीजवळची. तिथे त्यांनी तट्टू बांधलं होतं आणि घरातली माणसं ओट्यावर झोपली होती. मी पाहिलेल्यांत सांगितलेलं सगळ्यात नीट ऐकणारा माणूस तो. सगळे तसे असते तर मला हा लेख लिहायला काही उरलं नसतं.

आता भिला आप्पांच्या मैनेचं सांगते.

भिला आप्पा आमच्याच गावचे. कापूस-उसाची शेती आहे, वय पासष्टीच्या पुढे. काकू गेल्यापासून ते मळ्यातच राहतात, ते आणि त्यांची घोडी मैना. मैना तांबूस रंगाची, काळ्या आयाळीची आणि पंचकल्याणी. म्हणजे चारही पाय गुडघ्याखाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. अशी घोडी शुभ मानतात. नवरदेव मारुतीला जायला निघतो तेव्हा खाली पंचकल्याणी असली की वरपक्ष उगाच दोन बोटं उंच होतो. शहाद्याच्या व्यापारी घरांतून तर लग्नाची तारीख ठरली की आधी आप्पांना निरोप यायचा.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर आप्पा मैनेला नाल बदलायला घेऊन आले. आबांनी मागचा पाय उचलला तर तिने झटकन ओढून घेतला. मैना असं कधी करत नसे. आबांनी हातोडी खाली ठेवली आणि मला हाक मारली, "आठे ये व, हाई देख." मी खाली बसून बघितलं. चारही पायांच्या मागच्या खळग्यात लाल भेगा, वर खपल्या, आणि डाव्या मागच्या पायाला सूज.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब आले. त्यांनी सांगितलेलं सगळं सोपं होतं. पायाचे लांब केस कापायचे, खपल्या एकदाच औषधाच्या पाण्याने भिजवून सोडवायच्या, पुसून कोरडं करायचं, मलम लावायचं. आणि मग पायाला पाणी म्हणून लावायचं नाही. धुवायचं नाही, घासायचं नाही, ओल्यात उभं करायचं नाही. पाय मळले तर मळू द्यायचे. हे शेवटचं वाक्य ऐकताना आप्पांचा चेहरा मी बघितला होता. एखाद्याला पंगतीत आंघोळ न करता बसायला सांगावं तसा तो झाला होता.

या पायांवर काय अवलंबून होतं ते आप्पांनी आबांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. आप्पांचा मुलगा प्रमोदभाऊ धुळ्याला शिक्षक आहे. पावसाळ्यात आप्पा पहाटे गोठ्यात घसरून पडले होते आणि दोन तास कुणाला कळलं नव्हतं. तेव्हापासून प्रमोदभाऊंचं म्हणणं, घोडी विका आणि धुळ्याला चला. बापलेकांत शेवटी असं ठरलं होतं, की तुळशीच्या लग्नानंतर मैना लग्नांना जाऊ लागली तर राहील, आणि आजारी उभी राहिली तर सारंगखेड्याला जाईल. पाय दुखऱ्या घोडीला यात्रेत कोण घेतं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. वीटभट्टीवर ओझं ओढायला नेतात. आप्पा हे सांगताना मैनेची आयाळ विंचरत होते आणि आवाज अगदी साधा होता.

मी एक दिवसाआड कॉलेजहून परतल्यावर सायकलने मळ्यात जायला लागले. आधी खरारा, मग पाय. मैना खराऱ्याची इतकी शौकीन, की माझी पिशवी दिसली की खांदा पुढे करायची. तो खरारा मी सारंगखेड्याच्याच यात्रेत घेतला होता, रबराचा, मऊ दात्यांचा, आणि माझा त्याच्यावर फार जीव होता. वही विसरायची, पण तो विसरायची नाही.

पहिल्या आठवड्यात पाय सुधारले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लाल. मलम तेच, हात तेच, आणि भेगा परत ओल्या. मी आप्पांना विचारलं, पाय धुता का? ते म्हणाले, "पोर, दईवर पडस. त्यानामुळे पाय वल्ला व्हतस. मी काय करू?" दहिवर, म्हणजे दव, पडत होतं हे खरं होतं. पण दहिवराला धुण्याच्या पावडरीचा वास येत नाही. मी तसं म्हणायला हवं होतं. पण वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला खोटं कसं पाडायचं ते मला अजूनही जमत नाही. मी नुसती मान हलवली आणि पायाचा वास परत एकदा घेतला, तेही त्यांची पाठ वळल्यावर.

त्याच दिवसांत शहाद्याच्या एका बँडवाल्याकडे आम्ही रविवारी जात होतो. त्याच्या घोड्याला नायटा होता. मी हातमोजे घातले, चट्ट्यांना औषध लावलं, हात साबणाने दोनदा धुतले. झूल उन्हात टाकायला सांगितली, खोगीर वेगळं ठेवायला सांगितलं, घरच्या सगळ्यांना नायट्यावर एक भाषणही दिलं. साहेबांनी बाहेर आल्यावर चांगलं समजावलंस म्हणून कौतुक केलं. आणि हे सगळं करण्याआधी, घोडा शांत व्हावा म्हणून, मी दहा मिनिटं खरारा केला होता. तो मी झटकून पिशवीत ठेवला.

तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं तेव्हा मैनेच्या खांद्यावर पहिला गोल चट्टा दिसला. मग पाठीवर दोन. पाय तर बरे नव्हतेच. आप्पा म्हणाले दृष्ट लागली. मग म्हणाले शहाद्याच्या घोड्यांमुळे आलं असेल, बँडवाल्यांच्या घोड्यांना नायटा आहे असं ऐकलं. मैना दोन महिने शहाद्याला गेलेली नव्हती. मी म्हटलं, असेल. मला खरंच तेव्हा काही सुचलं नव्हतं.

सुचलं ते प्रॅक्टिकलला. बाही वर केली तर मनगटाच्या वर बांगडीएवढा गोल. मॅडमनी तो माझ्या आधी बघितला. मी पिशवीतून खरारा काढला आणि टेबलावर ठेवला. मॅडमनी खराऱ्याच्या दात्यांतले चार केस चिमट्याने उचलले, काचपट्टीवर औषधाच्या थेंबात ठेवले, थोडा वेळ थांबल्या आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. केसाभोवती बारीक बारीक मण्यांच्या माळा होत्या. नायट्याच्या बुरशीचं पुस्तकातलं ते चित्र आम्ही वहीत रंगीत पेन्सिलीने काढलं होतं आणि मला त्यात दहापैकी नऊ मिळाले होते.

मी दोन दिवस कोणाला काही बोलले नाही. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे. त्या दोन दिवसांत शहाद्याच्या एका कापडवाल्या शेठचा निरोप आला, त्यांच्या नातवाच्या लग्नाला मैना हवी म्हणून. आप्पांनी तिला चालवून बघितलं. ती लंगडत होती. त्यांनी स्वतः शेठना फोन करून 'नाही' सांगितलं आणि मग प्रमोदभाऊंना फोन करून मैना विकायला 'हो' सांगितलं. टेम्पो गुरुवारी येणार होता.

गुरुवारी सकाळी मी आबांबरोबर मळ्यात गेले. विकायला न्यायच्या घोडीला नवे नाल घालतात, म्हणून आप्पांनी त्यांना बोलावलं होतं. आबांनी मैनेच्या दुखऱ्या पायाला इतक्या हळू हात लावला, की मला त्यांच्याकडे बघवेना. आप्पांनी तिला कपाळावर गोंडा बांधला होता. टेम्पो आला, त्यात दुसऱ्या गावचे दोन घोडे आधीच होते. प्रमोदभाऊ धुळ्याहून मोटारसायकलने आले होते. चढायला फळी लावली. मैना फळीपर्यंत गेली.

मी म्हटलं थांबा. आवाज इतका बारीक आला की फक्त आबांना ऐकू गेला. मग परत म्हटलं.

"आप्पा, हाऊ नायटा मीच आनेल शे. मन्हा खरारामाईन."

मी बोलत राहिले. बँडवाल्याचा घोडा, खरारा, सूक्ष्मदर्शक, सगळं सांगितलं, बाही वर करून हात दाखवला. आणि मग म्हटलं की हिला या दोन घोड्यांशेजारी उभं केलं तर त्यांनाही होईल, आणि यात्रेत नेली तर किती घोड्यांना होईल ते मला सांगता येणार नाही.

टेम्पोवाल्याने आधी मैनेच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग आपल्या हौद्यातल्या घोड्यांकडे. "हाई घोडी मी नई भरस," तो म्हणाला आणि फळी उचलून आत टाकली.

प्रमोदभाऊ खूप रागावले. ते शिक्षक आहेत, त्यांना रागावता चांगलं येतं. कॉलेजात हेच शिकवतात का, लोकांच्या जनावरांना रोग लावायचे? आणि लावलेस ते लावलेस, आज, या क्षणी सांगायचं? दोन दिवस कुठे होतीस? मी खरं सांगितलं ते खरं सांगायचं म्हणून सांगितलं, की मैना फळीवर चढताना बघवेना म्हणून, हेही मला नीट सांगता येत नाही. दोन्ही असावं. आप्पांनी मैनेचा गोंडा सोडला आणि खिशात ठेवला.

टेम्पो रिकामा गेला नाही म्हणा, दोन घोडे होते. पण मैना खाली राहिली.

परत येताना आबांच्या सायकलच्या दांडीला अवजारांची पिशवी आणि शेजारून मी. मला वाटलं आता आबांकडेही कोणी नाल ठोकायला येणार नाही. गावाच्या कमानीजवळ ते थांबले.

"आधी खरारा, मंग पाय, हाई तुले कोनी शिकाडं?"

"तुम्हीच."

"मंग अर्धा नायटा मन्हा," आबा म्हणाले आणि सायकलवर बसले.

डॉक्टरसाहेब दुसऱ्या दिवशी आले. त्यांनीही आधी स्वतःलाच बोल लावला, की पोरीला हातमोजे दिले आणि खराऱ्याचं सांगितलं नाही. मग मैनेला वेगळं बांधायचं ठरलं, गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, कोरड्या भुसावर. तिची बादली वेगळी, दोर वेगळा. महिनाभर तिला हात लावायचा तो फक्त मी, हातमोजे घालून, आणि चट्ट्यांना औषध लावण्यापुरता. खरारा नाही, ब्रश नाही, आंघोळ नाही. साहेबांनी आप्पांना मुद्दाम सांगितलं, की हा नायटा माणसाला धरतो, दाढीत धरला तर दाढी झडते. आप्पांची दाढी पांढरी, भरघोस आणि पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. त्यांनी नकळत तिच्यावरून हात फिरवला.

पुढचे चार आठवडे मी रोज गेले. एक दिवसही चुकवला नाही, परीक्षा होती तरी. मैना मला बघून खांदा पुढे करायची आणि मी बोटभर औषध लावून परत फिरायची. तिला ते आवडायचं नाही. एकदा तिने माझी पिशवी दातांनी ओढून आत तोंड घालून बघितलं. आप्पा लांब बाजेवर बसून आम्हा दोघींकडे बघायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत, पण रोज मी निघताना गुळाचा खडा हातावर ठेवायचे. तो माझ्यासाठी की तिच्यासाठी हे न विचारता मी तिला द्यायची.

सारंगखेड्याची यात्रा भरली आणि उठलीही. चट्ट्यांवर बारीक केस यायला लागले. मैनेचे पाय मळून मातकट झाले होते, ती पंचकल्याणी आहे हे ओळखूही येत नव्हतं. नियमाने मी पायाला हात लावत नव्हते, त्यामुळे बघतही नव्हते. चौथ्या आठवड्यात साहेबांनी पाय उचलून दाखव म्हटलं. मी उचलला आणि मैनेने तो ओढून घेतला नाही. भेगा नव्हत्या. खपल्या नव्हत्या. सूज उतरली होती. मातीच्या थराखाली कातडी कोरडी, अखंड, गुलाबी. दुसरा पाय बघितला, तिसरा, चौथा.

साहेबांनी विचारलं, पायाला काय लावत होतीस? मी म्हटलं, काहीच नाही, तुम्हीच नाही म्हटलं होतं. मग आम्ही दोघांनी आप्पांकडे बघितलं.

आप्पा बाजेवरून उठले. जवळ आले, पण मैनेजवळ नाही, माझ्याजवळ. "पोर, मी रोज पाय धुई ऱ्हायंतू. पावडर लाईसन, ब्रश लाईसन. तू इचारं तवय खोटं बोलनू." मग ते म्हणाले, की नायट्याच्या भीतीने हात आवरला, नाहीतर अजून धूत राहिलो असतो. पंचकल्याणीचे पाय मळलेले बघवत नाहीत. पहाटे घसरून पडलो तो त्याच साबणाच्या पाण्यावरून.

ही शेवटची गोष्ट त्यांनी प्रमोदभाऊंना कधीच सांगितली नव्हती. संक्रांतीला प्रमोदभाऊ आले तेव्हा सांगितली, हे मला आबांकडून कळलं. प्रमोदभाऊंनी म्हणे गोठ्यातला धुण्याच्या पावडरीचा डबा स्वतः उचलून मोटारसायकलला बांधला आणि धुळ्याला घेऊन गेले. घोडी राहू द्या म्हणाले नाहीत, विका असंही म्हणाले नाहीत. जाताना मात्र त्यांनी गोठ्यासमोर मुरूम टाकून घेतला आणि आप्पांसाठी धरायला एक लाकडी कठडा ठोकून घेतला. विकायच्या घोडीसाठी कोणी कठडा करत नाही.

माघात मैना पहिल्या लग्नाला गेली, त्या कापडवाल्या शेठच्याच दुसऱ्या नातवाच्या. पाय फक्त कोरड्या कापडाने झाडलेले, दुधासारखे नव्हे, साईसारखे पिवळट. मी लोकांच्या गर्दीत उभी राहून सगळ्यांचे चेहरे बघत होते. नवरदेवाच्या आत्याने पायांकडे बघून हात जोडले. कोणाला काही कमी वाटलं नाही. आप्पांना वाटलं असावं, पण ते लगाम धरून सरळ समोर बघत होते.

आता माझ्याकडे खरारा नाही. मी ज्या घरी जाते त्यांचाच वापरते, आणि प्रत्येक घोड्याला वेगळा घ्या म्हणून इतक्यांदा सांगते की लोक कंटाळतात. एखादा विचारतो, असं खरंच होतं का? मी सांगते होतं, मी केलेलं आहे. मला वाटलं होतं की हे ऐकून लोक बोलवायचे बंद होतील. उलटच झालं, आणि त्याला कारण आप्पा.

ते कुठेही चारचौघांत मला बघतात तेव्हा ओळख करून देतात. परवा शहाद्याला बाजारात एक अनोळखी घोडेवाला त्यांच्याशी बोलत उभा होता. आप्पांनी मला हाक मारून बोलावलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणाले, "हाईच ती पोर. मन्ही घोडीले नायटा हिनीच लायेल शे." तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. आप्पा पुढे म्हणाले, "आनि हिनीच सगळासमोर, तोंडवर सांगं."

मग त्याने आपल्या घोड्याचा दोर माझ्यापुढे केला आणि म्हणाला, "मंग यानाबी पाय देख, माय."

मी दोर घेतला आणि खाली बसले.